चिंचेच्या वयाचा पुरावा

नोटीस खिळ्यानं ठोकलेली होती. झाड तोडायला कुणाची हरकत आहे का, असं विचारणारा कागद, आणि तो लावायला त्याच झाडात चार इंची खिळा. दोन दिवस पावसाची झड लागली होती. शाई उतरून निम्मा मजकूर जांभळा झाला होता. प्लॉट नंबर, "उद्यान विभाग", "एकूण ७ वृक्ष" आणि "सात दिवसांच्या आत लेखी हरकत" एवढंच काय ते वाचता येत होतं. सात दिवस कोणत्या तारखेपासून, ते पाण्यानं धुऊन नेलं होतं.

ही २०२३ च्या जुलैतली गोष्ट. मी हिशेबाची कामं करते, म्हणजे छोट्या दुकानदारांची जीएसटीची रिटर्नं, सोसायट्यांची ऑडिटं वगैरे. पर्यावरणाच्या मोर्चाला मी कधी गेलेले नाही, आणि पाच-सहा झाडांपलीकडे झाडं ओळखता येत नाहीत. कागदाची मात्र सवय आहे. पुढचे पाच महिने तीच कामाला आली.

आमच्या इमारतीला लागून एक जुना बंगला होता. मालक गेले, मुलं परदेशी, बंगला बिल्डरकडे गेला. रीतसर व्यवहार, त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आवारात सात झाडं होती. मागे तीन खोटे अशोक, एक सोनमोहर, एक नारळ, फाटकाशी बहावा आणि आमच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली चिंच. आमच्या जिन्याच्या खिडकीतून तिचा पाला हाताला लागतो.

दुसऱ्या दिवशी प्रभाग कार्यालयात गेले. तिथून मुख्य इमारतीत पाठवलं, तिसऱ्या मजल्यावर. तिथे कळलं की नोटिशीची जाहिरात पेपरातही आली होती. आमच्या भागात कुणी घेत नाही अशा एका पेपरात, आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या शेजारी. त्या तारखेपासून मोजलं तर माझ्या हातात चार दिवस होते आणि त्यातला एक रविवार.

कायद्याचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. तो शहरांपुरता. गावाकडे झाडतोडीचा वेगळा, १९६४ चा कायदा आहे, त्यात साग, चंदन, खैर, आंबा, चिंच अशा झाडांची यादी आहे. शहरी कायद्यात तशी यादी पाहायची गरज नाही. झाड तुमच्या स्वतःच्या अंगणातलं असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वृक्ष अधिकाऱ्यानं झाड स्वतः पाहायचं, चौकशी करायची, पेपरात आणि झाडावर नोटीस लावायची, आणि आलेल्या हरकती विचारात घ्यायच्या. कागदावर हे सगळं चोख आहे. खिळा मारून लावा असं अर्थातच कुठे लिहिलेलं नाही.

रात्री बसून मी अडीच पानी हरकत लिहिली. प्राणवायू, पक्षी, उन्हाळ्यातली सावली, पुढच्या पिढ्या, सगळं आलं. सकाळी आवक-जावकच्या खिडकीत दिली तर तिथले बाबूराव टाइपचे गृहस्थ म्हणाले, "संस्थेचं लेटरहेड?" म्हटलं, मी संस्था नाही, माणूस आहे. "माणसाचं असं डायरेक्ट घेत नाही आम्ही." मी तिथेच उभी राहिले. ऑडिटच्या कामात एक गोष्ट शिकले आहे, खिडकीपासून हललं की काम गेलं. दहा मिनिटांनी त्यांनी न बघता शिक्का मारला. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच मी तिथेच मोबाइलवर फोटो काढून घेतली.

ती अडीच पानं वाचून उद्यान विभागातले एक निरीक्षक हसले. वाईट अर्थानं नाही. मातीनं माखलेले बूट, खिशाला दोन पेनं, टेबलावर सुकलेल्या शेंगांची पिशवी. म्हणाले, "ताई, हे सगळ्यांच्याच हरकतीत असतं. मी पण सहमत आहे. पण साहेबांपुढे हे वाचून दाखवलं की साहेब मान हलवतात आणि पुढची फाइल घेतात. बिल्डरच्या अर्जात काय लिहिलंय ते आधी बघा. मग त्यावर हरकत घ्या."

अर्ज बघायला मिळावा म्हणून माहितीच्या अधिकारात जायचं तर तीस दिवस. हरकतीला दिवस उरले होते तीन. निरीक्षकांनी प्रत दिली नाही, पण तक्ता समोर धरला. झाडाचं नाव, घेर, उंची, अंदाजे वय, शेरा. चिंचेच्या ओळीत होतं: घेर ९८ सेंटिमीटर, उंची १२ मीटर, वय ३५ वर्षे, "बांधकामास अडथळा, तोडणे". मी आकडे वहीत उतरवून घेतले. पस्तीस वर्षं? मी लग्न होऊन इथे आले तेव्हाच ती चिंच तिसऱ्या मजल्याच्या वर गेलेली होती.

वयाचा आकडा का महत्त्वाचा, तेही निरीक्षकांनीच सांगितलं. २०२१ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड आता "प्राचीन वृक्ष" धरतात, इंग्रजीत ज्याला हेरिटेज ट्री म्हणतात. शिवाय तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. म्हणजे पस्तीस वर्षांची चिंच वेगळी आणि पंचावन्नची वेगळी. झाड तेच, पण फाइल बदलते.

संध्याकाळी मोजायला गेले. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर घेर मोजायची पद्धत आहे. माझ्याकडे शिवणकामाची टेप, ती दीड मीटरची. बुंध्याला अर्धी पण पुरेना. मग घरातून सुतळी आणली, पहिल्या मजल्यावरच्या काकांनी एक टोक धरलं, मी बुंध्याला वळसा घालून आले. साल इतकी खडबडीत की सुतळी प्रत्येक खाचेत अडकत होती. गाठ मारून खूण केली आणि ती सुतळी जिन्यात सरळ पसरून टेपनं मोजली. तीनशे दहा सेंटिमीटर. पुन्हा मोजलं, तीनशे अकरा.

अर्जात ९८. एवढी चूक कशी होईल? जेवताना डोक्यात आकडे फिरत होते, आणि भात कालवता कालवता उलगडलं. तीनशे दहाला ३.१४ नं भागलं की अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात. कुणीतरी बुंध्याचा व्यास काढून तो घेराच्या रकान्यात भरला होता.

दुसऱ्या दिवशी राखणदार मामांना विचारून आत गेले आणि अशोक, सोनमोहर, नारळ, बहावा सगळे मोजले. एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक, बाकी बरोबर. चूक फक्त चिंचेच्या ओळीत. ती चुकून झाली की मुद्दाम, मला आजही माहीत नाही, आणि मी कुणावर आरोपही केला नाही. पण सहा ओळी बरोबर आणि एकच चूक, तीही सगळ्यात महागड्या ओळीत, असं दिसलं की ऑडिट करणाऱ्याची झोप उडते.

जुनी हरकत मागे न घेता मी पुरवणी हरकत दिली. एक पान. प्राणवायू नाही, पक्षी नाहीत. "अर्जातील चिंचेचा घेर प्रत्यक्ष मोजमापाशी जुळत नाही. व्यास हा घेर म्हणून दाखवला आहे. त्यामुळे वयाचा अंदाज चुकीचा आहे. फेरमोजणी व स्थळपाहणी माझ्या उपस्थितीत व्हावी." खाली सही. त्याच दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्जही टाकला. या प्लॉटच्या शेवटच्या वृक्षगणनेची नोंद द्या, म्हणून. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची, हे याच कायद्यानं प्राधिकरणाचं काम आहे. चिंचेच्या बुंध्यावर पिवळ्या रंगात पुसट झालेला एक नंबर होताच. म्हणजे ती कधीतरी मोजली गेली होती.

घेर मोठा म्हणजे वय मोठं, इतकं ते सरळ नसतं. निरीक्षक म्हणाले, "पाणी मिळालं तर झाड भराभर सुटतं, कोरड्यात तेच झाड वर्षानुवर्षं तसंच राहतं. घेरावरून काढलेलं वय म्हणजे अंदाज. समोरचा सल्लागार त्याचा अंदाज देईल, तुम्ही तुमचा. कागद आणा." झाडाचा कागद कुठून आणायचा?

सोसायटीच्या ऑफिसात लोखंडी ट्रंक आहे. दरवर्षी ऑडिटला मीच ती उघडते, आणि दरवर्षी तळाशी असलेली कापडात बांधलेली जुनी कागदपत्रं तशीच परत ठेवते. या वेळी ती सोडली. १९६८ चं खरेदीखत, ज्यात आमच्या इमारतीची जमीन सोसायटीनं विकत घेतली. स्टँप पेपर पिवळा पडून कडेला कुरतडलेला, अक्षर वळणदार. तिसऱ्या पानावर चतुःसीमा. पूर्वेस रस्ता. दक्षिणेस नाला. उत्तरेस अमुक यांची मिळकत. आणि पश्चिमेस, "शेजारील प्लॉट व हद्दीवरील चिंचेचे झाड".

मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. जमिनीची हद्द सांगायला माणसं झाडाची खूण देत, कारण झाड जागचं हलत नाही. आणि हद्दीची खूण म्हणून रोप कोणी लिहीत नाही. १९६८ साली ती दुरून दिसेल एवढी होती, तेव्हाच तर दस्तात आली.

एवढ्यावर मी हुरळून गेले होते. आमच्या सोसायटीत मात्र कौतुक शून्य. चिंचेचा पाला गच्चीच्या पन्हाळीत अडकतो, गाड्यांवर चिकट डाग पडतात, ती तोडली तर बरंच आहे, असा एक गट होता. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दर पावसाळ्याआधी पन्हाळ साफ करायचं बिल मीच मंजूर करते. सेक्रेटरी म्हणाले, "आरेत एवढी माणसं रस्त्यावर आली, काय झालं?" खरंच होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयानं फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबरला पुढच्या तोडीला मनाई केली तोवर २,१४१ झाडं गेली होती. मी मिरज तालुक्यातल्या भोसे गावाचं उदाहरण दिलं. २०२० मध्ये तिथला सुमारे चारशे वर्षांचा वड वाचवायला महामार्गाची आखणी बदलली होती. "तो वड चारशे वर्षांचा होता," सेक्रेटरी म्हणाले, "आणि तुझी चिंच पन्नास. बरं, उद्या आपली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली तर हेच झाड आपल्याला आडवं येईल, तेव्हा काय करशील?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. खरेदीखताची झेरॉक्स काढायला मात्र त्यांनी परवानगी दिली.

आरेच्या गोष्टीतून मी एक धडा घेतला. निर्णय काय होतो याइतकंच तो तुम्हाला कधी कळतो हे महत्त्वाचं. म्हणून आणखी एक अर्ज दिला: या प्रकरणात जो आदेश होईल त्याची प्रत हरकतदार म्हणून मला ताबडतोब मिळावी. त्याचीही पोच घेतली. एव्हाना खिडकीतल्या गृहस्थांनी लेटरहेड विचारणं सोडलं होतं.

खालच्या मजल्यावरच्या आजींकडे फोटो निघाला. काळा-पांढरा, दातेरी कडांचा, मागे शाईनं "गुढीपाडवा १९७४". आजोबा नव्या लॅम्ब्रेटाला टेकून उभे आहेत आणि त्यांच्या पाठीमागे बुंधा. त्यांच्या खांद्यांएवढा रुंद. डोक्याच्या थोडं वर दोन फांद्या फुटतात आणि त्या बेचक्याखाली एक गाठ, तोडलेल्या फांदीची, बशीएवढी. मी फोटो घेऊन खाली गेले. गाठ आजही तिथेच आहे, फक्त सालीनं कडेनं तिला जवळजवळ मिटवत आणलं आहे. डोळा मिटावा तशी. आजी म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, तिन्हीसांजेला चिंचेखाली उभी राहू नकोस. म्हणजे झाड होतंच की तेव्हा!" हे मी हरकतीत लिहिलं नाही, पण पुरावा म्हणून वाईट नव्हता.

अठ्ठाविसाव्या दिवशी माहिती अधिकाराचं उत्तर आलं. चौदा पानं, पानाला दोन रुपये, अठ्ठावीस रुपयांची पावती. त्यात आमचा पिवळा नंबर आणि समोर: चिंच, घेर २९४ सेंटिमीटर. महापालिकेच्याच नोंदवहीत काही वर्षांपूर्वी झाड २९४ होतं, आणि आता अर्जात ९८. झाड काही आक्रसत नाही. मला वाटलं, आता संपलं.

सुनावणी सप्टेंबरात झाली. एका लांब टेबलाभोवती वृक्ष अधिकारी, निरीक्षक, बिल्डरचे आर्किटेक्ट, त्यांचे वृक्ष सल्लागार, मी, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्याच्या कामासाठी आलेले चार लोक. आमचा नंबर आला तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला पंधरा मिनिटं होती. घेराची चूक आर्किटेक्टनी लगेच मान्य केली. "टायपिंग मिस्टेक." मग अधिकाऱ्यांनी खरेदीखत वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "यातली चिंच हीच, कशावरून?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी क्षणभर गप्प झाले. मग फोटो पुढे केला, शेजारी मोबाइलवर आजचा फोटो, आणि बेचक्याखालच्या गाठीवर बोट ठेवलं. निरीक्षकांनी मोजणीचा नकाशा उघडून दाखवला की हद्दीच्या त्या अख्ख्या रेषेवर दुसरं झाडच नाही. अधिकारी बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "स्कूटर छान आहे."

यानंतर फाइलनं वळण घेतलं. पंधरवड्यानं बिल्डरकडून सुधारित अर्ज आला: चिंच आतून पोकळ, जीर्ण आणि धोकादायक आहे, शेजारच्या इमारतीवर पडू शकते. शेजारची इमारत म्हणजे आम्ही. ही चाल हुशारीची होती, कारण झाड मेलेलं, रोगट किंवा जीवित-मालमत्तेला धोकादायक असेल तर परवानगी नाकारता येत नाही. तशी तरतूदच आहे आणि ती असायलाही हवी. दरवर्षी पावसाळ्यात झाड अंगावर पडून माणसं मरतात. पन्हाळवाल्या गटानं लगेच मला गच्चीवर गाठलं. "आता काय? आमच्या पोरांच्या डोक्यावर पडलं तर तू जबाबदार?" त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, आपण हे उगाच लावून धरलंय का.

दुसरी स्थळपाहणी झाली. निरीक्षकांनी लाकडी हातोडी आणली होती. बुंध्याभोवती फिरत, कान लावत ते ठोकत गेले. बहुतेक ठिकाणी भरीव, बसका आवाज. जमिनीपासून दोन हातांवर, रस्त्याकडच्या बाजूला, आवाज बदलला, रिकाम्या डब्यासारखा. तिथे जुन्या तुटक्या फांदीचं भोक होतं. त्यांनी त्यात पेन घातलं, मग काडी घातली, ती कोपरभर आत गेली. सल्लागार म्हणाले, "बघा." माझ्या पोटात गोळा आला.

निरीक्षकांनी काडी बाहेर काढून तिच्यावरचा भुसा बोटानं चोळला. कोरडा होता. म्हणाले, "पोकळी आहे, कुज ताजी नाही. जुन्या चिंचा पोकळ होतातच. मधलं लाकूड तसंही मेलेलंच असतं, भार पेलतं ते बाहेरचं जिवंत लाकूड. ते किती जाड उरलंय ते बघायचं." त्यांनी वर बघितलं, शेंड्याकडचा पाला दाट होता, वाळलेल्या फांद्या नव्हत्या. एक मोठी फांदी मात्र आमच्या गच्चीवर झुकली होती. "ही हलकी करावी लागेल. वजन एका बाजूला आहे." मी लगेच हो म्हटलं. थोडी छाटणी हा पराभव असं समजणारी माणसं मला भेटली आहेत, पण मी त्यातली नाही. आमच्या गच्चीवर पोरं खेळतात.

याच काळात एका सकाळी जेसीबीचा आवाज आला. कंपाउंडच्या पायासाठी चर खणायला सुरुवात झाली होती, चिंचेपासून जेमतेम दीड हातावर. खिडकीतून बघितलं तर मनगटाएवढी दोन मुळं तुटून पांढरी दिसत होती. मी धावत खाली गेले आणि ड्रायव्हर दादांना थांबायला सांगितलं. ते बिचारे म्हणाले, "मॅडम, मला चर सांगितलाय, झाड नाही सांगितलं." त्यांचं बरोबर होतं. कायद्याचं मात्र तसं नाही. झाड "पाडणे" या शब्दात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. निरीक्षकांना फोन केला, फोटो पाठवले. दुपारपर्यंत पंचनामा झाला आणि काम थांबलं. मला वाटतं, फाइलला खरी कलाटणी इथे मिळाली, माझ्या खरेदीखतानं नव्हे. परवानगीच्या आधी मुळं तोडल्याचा पंचनामा फाइलला लागल्यावर "झाड धोकादायक" म्हणणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

आदेश डिसेंबरात निघाला आणि त्याची प्रत खरोखरच मला पोस्टानं आली. चिंच "प्राचीन वृक्ष" म्हणून जागेवर राखायची, एक फांदी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली छाटायची, नकाशात पार्किंगचा उतार दुसऱ्या बाजूला घ्यायचा. बहाव्याचं पुनर्रोपण. बाकी पाच झाडांना तोडायची परवानगी. वयांची बेरीज: अशोक बारा-बारा वर्षांचे तीन, म्हणजे छत्तीस, सोनमोहर तीस, नारळ वीस. एकूण शहाऐंशी नवी झाडं लावायची, जिओ टॅगिंगसह, आणि सात वर्षं जगवायची.

पाच झाडं जानेवारीत गेली. सोनमोहराला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्यात कावळ्यांचं जुनं घरटं होतं, रिकामं. त्या झाडांसाठी मी काहीच केलं नव्हतं. अशोक तर मला कधी आवडलेच नव्हते, पण ते गेल्यावर मागच्या बाल्कनीत दुपारी थांबवेना.

शहाऐंशी झाडं कुठे लावली ते बघायला मी पुढच्या मे महिन्यात गेले. शहराच्या टोकाला महापालिकेचा एक मोकळा भूखंड आहे, तिथे. करंज, कडुनिंब, कांचन. बांबूच्या काठ्या, काठ्यांना नंबर. मी मोजली, एकसष्ट उभी होती. त्यातल्या काहींना पालवी होती, काही नुसत्याच काठीला बांधलेल्या काठ्या. टँकर आठवड्यातून एकदा येतो असं तिथल्या माळीदादांनी सांगितलं. मी मोजदाद लिहून, फोटो जोडून उद्यान विभागात दिली. उरलेली पंचवीस पावसाळ्यात पुन्हा लावू असं उत्तर आलं आणि निदान काही लावलीही. बहावा मात्र वाचला नाही. ट्रेलरवरून नेताना मुळांचा गड्डा फुटला होता. पहिल्या उन्हाळ्यात थोडी फूट दिसली, दुसऱ्यात वाळला.

तेव्हापासून लोक मला फोन करतात, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे. "आमच्या इथे नोटीस लागलीय, तुम्ही हरकत लिहून द्याल का?" मी लिहून देत नाही. विचारते, तक्त्यातला घेर किती, आणि तुम्ही मोजला तो किती. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात. उरलेल्यांना सांगते, घरातले जुने दस्त काढा, चतुःसीमा वाचा, लग्नामुंजीचे फोटो बघा, मागे झाड दिसतंय का. एका काकूंना घरातल्या मुंजीच्या अल्बममध्ये अख्खा वड सापडला.

नव्या इमारतीचं काम आता संपत आलंय. कंपाउंडची भिंत चिंचेपाशी अर्धवर्तुळात वळवली आहे, ती दिसते छान. पण मागच्या आठवड्यात त्यांनी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, ते थेट बुंध्याला भिडवून, मध्ये बोटभर सुद्धा माती न ठेवता. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायचा आदेश दिला होता. तो शोधून मी अर्जाला जोडला, फोटो लावले, आदेशाचा आणि जुन्या फाइलचा नंबर लिहिला. सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत दिला. खिडकीत आता एक नवीन मुलगी आहे. तिनं अर्ज उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "संस्थेचं लेटरहेड?"